वही कोरी आहे, मग आज शाळेत केलं काय?

या सदराकडे या वेळेला आलेले निम्मे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, की पोरगं शाळेतून घरी येतं, आई दप्तर उघडून बघते तर वही कोरी, आणि विचारलं तर म्हणतं आज आम्ही खेळलो. पहिली-दुसरीचे वर्ग मी बरीच वर्षं घेतलेत, आधी दिंडोरी तालुक्यात झेडपीच्या शाळेत आणि मग नाशिक शहरात, त्यामुळे ही काळजी मी कितीतरी आयांच्या चेहऱ्यावर बघितलीये आणि ती खोटी नसते. म्हणून या वेळी थोडे प्रश्न घेतलेत पण उत्तरं सविस्तर देतेय.

ताई, माझा मुलगा दुसरीत आहे, सेमी इंग्लिशला. त्रेसष्ठ लिही म्हटलं की 36 लिहितो, एकोणतीस म्हटलं की 39. त्याच्या बाई पंधरा दिवस झाले नुसते काड्यांचे गठ्ठे बांधून घेतायत, वहीत एक ओळ नाही. क्लास लावू का?
– एक आई, सिडको

क्लास नको लावूस गं. आणि आधी हे ऐक, तुझ्या मुलाचा कान एकदम नीट चालतोय, तो जे ऐकतो तेच लिहितोय. त्रेसष्ठ म्हणताना आपण आधी तीन बोलतो आणि मग साठ, पण लिहिताना आधी सहा लिहायचे आणि मग तीन, म्हणजे तोंड एका बाजूने चाललंय आणि पेन्सिल दुसऱ्या बाजूने. एकोणतीसचं तर त्याहून अवघड, त्यात एकोण म्हणजे एक कमी हे कुणी सांगितल्याशिवाय कळतच नाही, पोराला फक्त तीस ऐकू येतं आणि शेवटी कुठेतरी नऊ असतो हे माहिती असतं, मग झाले 39. बरं एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळून शंभराच्या आधी एकदम नव्याण्णव येतं. त्यात तुझा मुलगा सेमीचा, शाळेत सिक्स्टी थ्री, घरी आजी म्हणणार त्रेसष्ठ रुपये झाले, म्हणजे एकाच आकड्याची दोन नावं आणि दोन्हींचा क्रम उलटा. सात वर्षांच्या पोराने हे सगळं सांभाळायचं म्हणजे थोडा वेळ लागणारच ना.

आठवत असेल तर 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला वीस एक, त्रेसष्ठच्या जोडीला साठ तीन असं वाचन दिलं होतं आणि त्यावरून केवढा वाद झाला, विषय विधानसभेपर्यंत गेला. मंगला नारळीकर तेव्हा बालभारतीच्या गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या आणि त्यांचं म्हणणं होतं की जुने शब्द काढलेले नाहीत, जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने अडखळणाऱ्या मुलांसाठी ही सोय आहे. मला विचारशील तर मी वर्गात दोन्ही वापरलं. साठ तीन हा पूल आहे, त्याच्यावरून मूल पलीकडे जातं, पण त्रेसष्ठ यायलाच हवं कारण भाजीवाला, कंडक्टर आणि आजी तेच बोलणार आहेत.

आता काड्यांचं सांगते. दहा काड्या झाल्या की रबर लावायचा, हे काम बघायला फार साधं दिसतं पण नऊ सुट्या काड्या आहेत, दहावी आली आणि सगळ्या मिळून एक गठ्ठा झाला, ही गोष्ट पोराच्या हातात घडावी लागते, फळ्यावर बघून नाही होत. त्रेसष्ठ म्हणजे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या. मग त्याच्याच बाजूला 36 मांडायला सांगायचं, तीन गठ्ठे आणि सहा सुट्या, आणि विचारायचं, यातलं कोणतं घेशील? एकदा हे दोन ढीग शेजारी बघितले ना की 63 आणि 36 ही एकाच आकड्याची उलटसुलट रूपं आहेत असं त्याला परत वाटत नाही. लिहिणं त्यानंतर चार दिवसांत येतं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती मखमलाबादकडची, तिच्या घरची कोथिंबीर पंचवटीच्या मार्केट यार्डात जायची. तिथे कोथिंबीर-मेथीचा भाव जुडीवर नाही, शेकड्यावर पुकारतात. मी शंभर शिकवायला म्हणून दहा गठ्ठे एकत्र बांधत होते तर ती मागून ओरडली, बाई हा शेकडा झाला! आणि मग तिनेच सगळ्यांना सांगितलं की तिचे पप्पा जुड्या मोजताना कशा रचतात, शेवटी थोड्या उरल्या तर काय करतात, आणि सबंध वर्ग तिच्याभोवती गोळा. शतक हा शब्द मी नंतर सांगितला, आधी शेकडाच राहू दिला.

घरी तू एवढंच कर, कागदाच्या दहाच्या नोटा आणि एकेकाची नाणी बनवून घे त्याच्याकडूनच. नोटा छापायचा प्रेस आपल्या नाशिकरोडला आहे, 1928 पासूनचा, हे सांग त्याला, माझ्या वर्गातली पोरं ते ऐकून नोटा जरा जास्तच मन लावून कापायची. मग रोज जेवणाआधी पाच मिनिटं, मला त्रेसष्ठ रुपये दे, मला छत्तीस दे. लिहायला लावू नको, चुकलं तर ओरडू नको, फक्त मोजून दाखव म्हण. अजून दीड-दोन महिन्यांनीही गोंधळ तसाच राहिला, किंवा कोणता ढीग मोठा हेच त्याला सांगता येत नसेल, तर बाईंना शाळा सुटल्यावर निवांत भेट. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको विचारूस, तिथे पन्नास आया वाचतात आणि पोराचं नाव उगाच होतं.

मुलीला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून मधेच शाळेत गेलो. तिसरीचा वर्ग, निम्मी मुलं जमिनीवर, दुकान मांडलेलं, कुणी ओरडतंय, कुणी भांडतंय, आणि बाई एका कोपऱ्यात पाच-सहा मुलांबरोबर बसलेल्या. आमच्या वेळी टाचणी पडली तर आवाज यायचा. ह्याला शाळा म्हणायचं का?
– एक वडील, पाथर्डी फाटा

दादा, तुम्ही आलात आणि दोन मिनिटं थांबून बघितलंत हे बरं केलंत, पण अजून पाच मिनिटं थांबायला हवं होतं. वर्गातला आवाज दोन प्रकारचा असतो. एकात पोरं बाकांवर चढलेली असतात, काम संपलेलं असतं किंवा समजलेलंच नसतं, आणि तो आवाज वाईटच. दुसऱ्या आवाजात कान देऊन ऐकलं तर वाक्यं ऐकू येतात, मी पन्नासची नोट दिली तू पंधराच परत दिलेस, साबण बत्तीसचा होता मग अजून तीन दे. तुम्ही जे भांडण ऐकलंत ते बहुतेक हेच असणार. हातच्याची वजाबाकी आहे ती दादा, फक्त वहीत नाही, तोंडाने चाललीये, आणि समोरचा पैसे मागतोय म्हणून करावीच लागतेय. वहीतली वजाबाकी चुकली तर लाल फुली मिळते आणि पोरगं विसरून जातं, दुकानात चुकली तर गिऱ्हाईक हलतच नाही.

आणि बाई कोपऱ्यात बसल्या होत्या त्या आरामात नव्हत्या बसलेल्या. तीस-पस्तीस पोरांना एकाच वेळी एकच गोष्ट शिकवली तर पुढची दहा पुढे जातात, मधली बघत राहतात आणि मागच्यांचं नाव वर्षभर कुणी घेत नाही. म्हणून बाकीच्यांना असं काम द्यायचं की जे ती आपली आपण करतील, आणि ज्या पाच-सहा जणांना अजून वाचता येत नाहीये त्यांच्याजवळ बसायचं. 5 जुलै 2021 ला सुरू झालेलं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान याच्याचसाठी आहे, की 2026-27 पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत. प्रत्येक म्हणजे ते कोपऱ्यातले सहासुद्धा. ते काम लांब उभं राहून फळ्यावरून होत नाही.

तुमच्या वेळच्या शांततेबद्दल एवढंच म्हणेन की मी पण त्याच शांततेत शिकले, छडी टेबलावर असायची. ती शांतता भीतीची होती आणि ज्याला येत नव्हतं तो त्या शांततेत लपून राहायचा. आता 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद आहे आणि ते फार चांगलं झालं. शांत वेळ आमच्याकडेही असतो, परिपाठाला असतो, गोष्ट वाचून दाखवताना असतो. एक दिवस गोष्टीच्या तासाला दाराशी उभे राहून बघा.

मुलगा डबा तसाच परत आणतो, खिचडी खाल्ली म्हणतो. घरचं जेवण सोडून हे कशाला? – आई, सातपूर

खाऊ दे. सगळ्यांबरोबर ओळीत हात धुऊन, मांडी घालून, शेजारच्याच्या ताटात बघत जेवणं हे त्याला आवडतंय. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम धान्य धरलेलं असतं, त्याला विचार, आज वर्गात 28 जण होते तर तांदूळ किती लागला? बऱ्याच शाळांत पोरंच हजेरी मोजून स्वयंपाकाच्या मावशींना सांगून येतात. डब्यात पोळी-भाजीच्या ऐवजी काकडी, गाजर, सीझनला चार द्राक्षं दे, बस.

नातू पहिलीत. अजून क ख ग घ म्हणता येत नाही, पण 'लाल', 'मामा', 'काका' वाचतो. हे पाया सोडून कळस नाही का? – आजोबा, गंगापूर रोड

आजोबा, नमस्कार. पाया हाच आहे. क ख ग घ ङ हा क्रम उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेला आहे, सुंदर आहे, पण तो मोठ्यांना सुंदर वाटतो, सहा वर्षांच्या मुलाला ङ पासून सुरू होणारा एकही शब्द मिळत नाही. त्याऐवजी क, म, ल, ब आणि एक काना एवढंच दिलं की काम, माल, लाल, बाबा, काका, मामा, कमल, बालक, इतके शब्द हातात येतात आणि पहिल्या महिन्यातच मूल म्हणतं मला वाचता येतं. हे एकदा वाटलं ना की पुढचं ओढूनच आणतं ते. वर्णमाला दुसरीपर्यंत पाठ होईल, शब्दकोश बघायला लागेलच. तुम्ही रोज रात्री त्याला वाचून दाखवा, बोट शब्दाखाली ठेवून, आणि जमलं तर सावानाला घेऊन जा, 1840 पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, एवढी पुस्तकं एका जागी पोराने बघितली पाहिजेत.

ताई, मी दिंडोरी तालुक्यात नवीन शिक्षिका आहे, दोन शिक्षकी शाळा, पहिली-दुसरी एकत्र माझ्याकडे. द्राक्षाच्या कामाला सुरगाणा-पेठकडून कुटुंबं आलीयेत, त्यांची पाच मुलं वर्गात आली पण तीन आठवडे झाले एक शब्द बोलत नाहीत. विचारलं की खाली बघतात. माझं काहीतरी चुकतंय असं वाटतं.
– एक शिक्षिका

बाळा, तुझं काही चुकलेलं नाही, आणि तू त्यांना वर्गात घेतलंस हीच मोठी गोष्ट आहे, दाखला नाही म्हणून नाव घालायला नको म्हणणारे पण मी बघितलेत, खरं तर दाखल्यासाठी प्रवेश अडवता येतच नाही.

तुझ्या पत्रातलं ते 'खाली बघतात' मी तीन वेळा वाचलं. विचार कर, ती पोरं घरी बहुतेक कोकणा ही त्यांची आदिवासी बोली बोलतात. तुझी पुस्तकाची मराठी त्यांच्यासाठी परकी नाही पण आपलीही नाही, कानाला अर्धी लागते. गाव सुटलं, झोपडी बागेच्या कडेला, आईबाप सकाळी सातला कामावर, आणि वर्गातली बाकीची पोरं बागायतदारांची, जिथे ह्यांचे आईबाप मजुरीला जातात. अशा ठिकाणी कोण तोंड उघडेल? तीन आठवडे गप्प बसलेलं मूल काही शिकत नाही असं नाही, ते ऐकत असतं, सगळं ऐकत असतं.

मी काय करायचे ते सांगते. प्रश्न विचारणं बंद कर, निदान सगळ्यांसमोर. त्याऐवजी काम सांग. खडू आण, पाण्याची टाकी भरली का बघ, पानं गोळा कर. मग वर्गाबाहेर ने सगळ्यांनाच, झाडं, पक्षी, किडे दाखव आणि तू विचार, ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात? इथे ती पोरं हुशार ठरतात कारण रानातलं त्यांना जेवढं माहिती असतं तेवढं तुला-मला नाही. त्यांनी सांगितलेला शब्द तू वहीत लिही, त्यांच्या देखत, आणि भिंतीवर मोठ्या कागदावर चित्र काढून खाली दोन्ही शब्द लाव, त्यांचा आधी. चुकीचा उच्चार तू केलास तर ती हसतील, हसू दे, ते पहिलं बोलणं असेल.

माझ्याकडे असाच एक मुलगा होता, महिनाभर गप्प. एक दिवस मी पाखराचं नाव चुकीचं म्हटलं आणि तो एकदम म्हणाला, तसं नाय बाई. तेवढंच. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते. त्यानंतर तो थांबलाच नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गेल्या, मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथलाच. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. वेळ मिळेल तेव्हा त्यांच्याबद्दल वाच, आपल्या कामाचा धीर येतो. आणि तू पण एक दिवस संध्याकाळी त्या बागेवर जाऊन ये, आयांना भेट, चहा देतील तो घे. दुसऱ्या दिवशी ती पोरं तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतील.

आणखी एक, हे विसरू नको. काढणी संपली की ती कुटुंबं परत जातील, बहुतेक सांगून जाणार नाहीत, एक दिवस जागा रिकामी दिसेल. म्हणून शिक्षण हमी पत्रक, म्हणजे मूल दुसऱ्या शाळेत गेलं की सोबत न्यायचं कार्ड, आत्ताच भरायला घे, कोणती अक्षरं ओळखतो, कितीपर्यंत मोजतो, बोलायला लागला का, हे रकान्यापुरतं न लिहिता नीट लिही म्हणजे तिकडच्या गुरुजींना पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही. आणि भिंतीवरचा तो कागद आहे ना, दोन्ही शब्दांचा, त्याची पाच झेरॉक्स काढून प्रत्येकाच्या पिशवीत आधीच ठेव.