काइट फॉइलवर वळताना दोऱ्या ढिल्या पडतात

प्रश्न : मोरजीमला काइट फॉइल (पतंगाने ओढला जाणारा बोर्ड, ज्याच्याखाली पाण्यात पंखासारखं फॉइल असतं) शिकतोय, सरळ मस्त जातो पण जाइब (वाऱ्याच्या दिशेने वळून उलट बाजूला जाणं) करायला गेलो की दोऱ्या ढिल्या पडतात, बोर्ड वर उसळतो आणि मी पाण्यात. काय चुकतंय?

उत्तर : बहुतेक तुम्ही बोर्ड आधी वळवताय आणि पतंग मागून येतोय. फॉइलला पाण्याचा विरोध फारच कमी, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेला वळलात की तुम्ही पतंगाकडेच धावत सुटता, मग दोऱ्या ढिल्या पडणारच. म्हणून पतंग आधी हलवायचा, डोक्यावरून नव्या बाजूला, एका लयीत, मध्ये थांबवायचा नाही, आणि बोर्डाचं वळण मोठं ठेवायचं. पतंग वर गेला की तो तुम्हालाही उचलतो, अशा वेळी वजन मागच्या पायावर गेलं तर फॉइल पाण्याबाहेर येतं, तेव्हा पुढचा पाय दाबून ठेवा आणि नजर जायचंय तिकडे, बोर्डाकडे अजिबात नको. पाय बदलायची घाई करू नका हो, आधी टोसाइडनेच (पाय न बदलता, पायाची बोटं वाऱ्याच्या बाजूला ठेवून) बाहेर पडा, चार पाच मीटर स्थिर जा, ते जमलं की मग पाय बदला. वळताना बोर्ड पाण्याला टेकला तरी चालेल. आखूड मास्ट (बोर्ड आणि फॉइल जोडणारा खांब) मिळाला तर घ्या, हेल्मेट मात्र हवंच, पडल्यावर फॉइल कुठून येईल सांगता येत नाही.