प्रवेशिका टपालाने की ऑनलाइन?

प्रश्न : आमच्याकडे दीड वर्षाचा, नोंदणी झालेला कारवानी जातीचा नर कुत्रा आहे. हिवाळ्यात त्याला पुण्याच्या श्वान प्रदर्शनात उतरवण्याचा विचार आहे. प्रवेशिका ऑनलाइन किंवा टपालाने, दोन्ही प्रकारे स्वीकारली जाईल असे पत्रकात म्हटले आहे. वडिलांचे म्हणणे असे की, कागद पाठवला की पुरावा हाती राहतो. धाकटा भाऊ म्हणतो, मोबाइलवर दहा मिनिटांत काम होते. पण गावात रेंज धड मिळत नाही. आम्ही कोणता मार्ग धरावा?
— एक वाचक, ता. अहमदपूर, जि. लातूर

उत्तर : आपण ऑनलाइन भरावे, असे माझे मत आहे, मात्र आपल्या भावाने सांगितलेल्या कारणासाठी नव्हे. फॉर्म दहा मिनिटांत भरला काय आणि दोन तासांत भरला काय, प्रवेशिका पक्की होते ती आयोजकांकडून स्वीकृती आल्यावरच. ती लवकर आली, तर त्यातली चूक अंतिम तारखेच्या आत दुरुस्त करून घेता येते. टपालाने पाठवलेल्या प्रवेशिकेत काही उणे राहिले, तर ते आपल्याला कळेपर्यंत बहुधा मुदत संपलेली असते.

वडिलांचा मुद्दा चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. टपालाची पावती पाकीट पाठवल्याचा पुरावा असते, प्रवेशिका स्वीकारल्याचा नव्हे. शिवाय बहुतेक ठिकाणी पाकीट आयोजकांच्या हाती पडल्याची तारीख धरली जाते, त्यावरच्या शिक्क्याची नव्हे, हे पत्रकात नीट वाचून घ्यावे. रजिस्टर पोस्टाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, त्यामुळे पाठवायचेच असेल तर स्पीड पोस्टाने, तालुक्याच्या टपाल कार्यालयातून आणि अंतिम तारखेच्या किमान आठ-दहा दिवस आधी पाठवावे. शुल्कासाठी डिमांड ड्राफ्ट काढणार असाल, तर त्याची मुदत तीन महिन्यांची असते, हे विसरू नये. २०१८ पासून ड्राफ्टवर तो काढणाऱ्याचे नाव छापलेले असते. आपल्याकडे अनेकदा ड्राफ्ट लातूरला नोकरी करणारे काका काढतात आणि कुत्रा असतो पुतण्याच्या नावावर. अशा वेळी ड्राफ्टच्या मागे पेन्सिलीने कुत्र्याचे नाव, मालकाचे नाव आणि मोबाइल क्रमांक लिहावा, म्हणजे शुल्क कोणाचे याचा घोळ होत नाही.

ऑनलाइन भरताना खरी अडचण रेंजची नसते. गावात रेंज नाही म्हणून मंडळी तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात जातात, आणि तिथला मुलगा सवयीने स्वतःचाच ई-मेल टाकून मोकळा होतो. पुढे स्वीकृतीचे पत्र त्याच्या खात्यात जाऊन पडते आणि आपण महिनाभर वाट पाहत बसतो. म्हणून शेजारी बसून, मोबाइल आणि ई-मेल आपलाच टाकायला लावावा. पैसे यूपीआयने भरल्यावर मिळणारा १२ आकडी व्यवहार क्रमांक वहीत उतरवून ठेवावा; पैसे खात्यातून गेल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे स्वीकृती नव्हे. कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीसाठी बसवलेल्या मायक्रोचिपचा क्रमांक १५ आकडी असतो. तो एकाने मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने टाइप करावा. कुत्रा विकत घेतलेला असेल आणि कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या केनेल क्लबच्या प्रमाणपत्रावर अजून आधीच्या मालकाचेच नाव असेल, तर आधी मालकी बदलून घ्यावी, कारण ही तफावत टपालाने पाठवले म्हणून झाकली जात नाही.

कागदाचा एक गुण मात्र मी मान्य करतो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. माझ्या मादीचा जन्म ४ जुलैचा. काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन फॉर्ममध्ये मी आपल्या रीतीने ०४/०७ असे लिहिले. त्या फॉर्मला आधी महिना हवा होता, तेव्हा कागदोपत्री तिचा जन्म ७ एप्रिलला झाला, ती तीन महिन्यांनी थोरली ठरली आणि वरच्या वयोगटात गेली. मैदानावर स्पर्धेतल्या कुत्र्यांची सूचीपुस्तिका हातात पडेपर्यंत माझ्या हे लक्षातही आले नाही. स्वीकृतीच्या पत्रात तारीख स्पष्ट छापलेली होती. मी ते पत्र उघडून फक्त शुल्काचा आकडा पाहिला होता. कागदावर मी नेहमीप्रमाणे ‘४ जुलै’ असे अक्षरात लिहिले असते आणि प्रश्नच उद्भवला नसता. आपला कुत्रा दीड वर्षाचा, म्हणजे बरोबर दोन वयोगटांच्या सीमेवर येऊ शकतो. वय साधारणपणे स्पर्धेच्या दिवशीचे धरतात, फॉर्म भरतानाचे नव्हे, हे लक्षात घेऊन गट निवडावा.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत आपल्या कुत्र्याला अ‍ॅजिलिटीच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, स्पर्धांत उतरवतो. तो म्हणतो की, तिकडे काही जण अजूनही फॉर्म टपालाने पाठवतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. ऑनलाइन भरणारा आधी पोहोचत नाही का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : जागा कशा वाटल्या जातात, यावर ते अवलंबून आहे. १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स श्वान प्रदर्शनात करमणूक म्हणून दाखवलेला हा खेळ आज इतका लोकप्रिय आहे की, एका दिवसात जितक्या कुत्र्यांच्या फेऱ्या घेता येतात त्याहून जास्त प्रवेशिका येतात. जिथे ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ असा नियम असतो, तिथे टपालावर विसंबणारा मागे पडतोच. पण अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांखालच्या स्पर्धांत सोडतीचीही पद्धत आहे. ठरलेल्या मुदतीत आलेल्या साऱ्या प्रवेशिका सारख्याच धरल्या जातात आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड होते. अशा ठिकाणी पहिल्या मिनिटाला बटण दाबणारा आणि मुदतीत पाकीट पोहोचवणारा एकाच पायरीवर असतात. आपला भाचा बहुधा अशा स्पर्धांबद्दल बोलत असावा. आपल्याकडच्या पत्रकात सोडतीचा उल्लेख नसेल, तर आधी येणाऱ्याला प्राधान्य आहे असे समजूनच चालावे.

प्रश्न : माळेगावच्या यात्रेतील श्वान प्रदर्शनासाठीही ऑनलाइन अर्ज करावा लागतो का?
— एक वाचक, ता. कंधार, जि. नांदेड

उत्तर : खंडोबाच्या यात्रेतील हे प्रदर्शन केनेल क्लबच्या स्पर्धेपेक्षा वेगळे आहे. अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शन नांदेड जिल्हा परिषद भरवते, त्यामुळे नावनोंदणीची चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातच करावी. रेबीजची लस टोचल्याचे कार्ड मात्र मूळ प्रतच सोबत न्यावी, झेरॉक्स नव्हे.