टेप कोरी नाही, विंडोजला वाचता येत नाही

प्रश्न : मिरजेत सासऱ्यांचा छापखाना होता. तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. परवा कपाट आवरताना बिस्किटांच्या डब्यात चार छोट्या टेप सापडल्या. वर ‘डीडीएस-२, १२० मी.’ असं छापलंय आणि सासऱ्यांच्या अक्षरात ‘दिवाळी ९८, सगळं’. ओळखीच्या मुलाने कुठून तरी जुना ड्राइव्ह आणून लावला, तर विंडोज म्हणतं, टेप ओळखता येत नाही, नव्याने तयार करायची का? बॅकअप कुठल्या सॉफ्टवेअरने घेतला हे सांगणारं आता कुणी नाही. काही आशा आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, त्या प्रश्नाला अजून कुणी ‘हो’ म्हटलं नसेल तर आशा नक्की आहे. ‘हो’ म्हटलं की टेपच्या सुरुवातीला नवी खूण लिहिली जाते आणि तिच्याच मागे ‘मजकूर संपला’ असा शिक्का बसतो. जुना मजकूर पुढे फितीवर तसाच असतो, पण ड्राइव्ह त्या शिक्क्यापलीकडे जायलाच तयार होत नाही. म्हणून आधी टेपच्या कडेची बारीक पट्टी नखाने सरकवा. भोक उघडं दिसलं की तिच्यावर लिहिता येत नाही, फ्लॉपीला असायचं तसंच.

ड्राइव्ह डीडीएस-३ किंवा डीडीएस-४चा हवा (डीडीएस ही टेपची जात, आकडा तिची पिढी). यूएसबीवर चालतो म्हणून कुणी त्यापुढच्या पिढीचा डॅट-७२ गळ्यात मारेल, तो घेऊ नका. तो डीडीएस-३च्या आधीच्या टेप वाचत नाही. त्यात आधी क्लीनिंग टेप फिरवा, मग आपली एखादी बिनकामाची टेप घालून बघा. फीत चावणारा ड्राइव्ह सासऱ्यांच्या टेपवर ओळखायची वेळ यायला नको.

आता मुख्य गोष्ट. सॉफ्टवेअर कुठलं याचा शोध आत्ता सोडा. टेपवर जे आहे ते जसंच्या तसं हार्डडिस्कवर उतरवून घ्या, ओळख नंतर. जुनी टेप किती वेळा फिरेल याचा भरवसा नसतो, हार्डडिस्कवरची प्रत हजारदा उघडता येते. हे काम लिनक्सवर (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) ‘डीडी’ या आज्ञेने होतं. ब्लॉकचा, म्हणजे टेपवर एका दमात लिहिलेल्या तुकड्याचा, आकार ‘चल’ (ठरावीक नसलेला) ठेवायचा आणि वाचताना मोठा आकडा द्यायचा, २५६ के (किलोबाइट) वगैरे. आकडा टेपवरच्या ब्लॉकपेक्षा लहान पडला तर लिनक्स म्हणतं, ‘मेमरी मिळत नाही’. आमच्याकडच्या एका पोराने हे वाचून खरंच रॅमची पट्टी बदलली होती!

हसतोय, पण मीही कमी नाही. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात : ‘एसटी०’ आणि ‘एनएसटी०’. पहिल्याने वाचलं की काम झाल्यावर टेप आपोआप मागे गुंडाळली जाते, दुसऱ्याने आहे तिथेच थांबते. मी एकदा तो ‘एन’ विसरलो. तीनदा वाचलं, तीनदा तीच फाइल आली आणि एका पतसंस्थेला ठासून सांगितलं की तुमच्या टेपवर एकच फाइल आहे. होत्या अकरा. तेव्हा ‘एन’ लावा आणि एकामागून एक वाचत जा. पुढे काहीच येईना झालं की मजकूर संपला.

मग पहिल्या फाइलची सुरुवात हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलमधला एकेक बाइट दाखवणारा प्रोग्राम) उघडा. अगदी पहिली चार अक्षरं ‘टी-ए-पी-ई’ असतील तर ते मायक्रोसॉफ्टचं टेप फॉरमॅट, म्हणजे बहुधा विंडोज एनटीचा स्वतःचा बॅकअप किंवा ‘बॅकअप एक्झेक’ हे बॅकअपचं सॉफ्टवेअर. छापखान्यात हेच निघण्याची शक्यता मला जास्त वाटते. एनटीचा असेल तर एक्सपीचं मशीन शोधा, त्यातल्या बॅकअपला अशी टेप समजते. विस्टापासून ती सोय गेली. सुरुवातीलाच एखाद्या फाइलचं नाव सरळ वाचता आलं आणि २५७ बाइट सोडून ‘यूस्टार’ दिसलं, तर ते टार. सहा आकडे ०७०७०७ दिसले तर सीपीआयओ. ही दोन्ही युनिक्सकडची जुनी फॉरमॅट, लिनक्स ती घरच्यासारखी उघडतं.

फाइली हाती आल्या तरी दिवाळी अंक लगेच वाचता येईल असं समजू नका. ९८ सालचा मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसणार. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या तेव्हाच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरपैकी कशाचा तरी फॉन्ट असेल, आणि तो नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसेल. फाइल बिघडली म्हणून टाकून देऊ नका. फॉन्टच्या फाइली त्याच टेपवर शोधा. सासऱ्यांनी ‘सगळं’ लिहिलंय ना, मग त्या बहुतेक असतील. पानं लावायच्या पेजमेकर ६.५ या सॉफ्टवेअरची पानं त्याच्यानंतर आलेल्या इनडिझाइनच्या सीएस-६पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडतात.

पहिल्या ब्लॉकचा स्क्रीनवरून फोटो काढून पाठवा, मी बघून सांगतो. टेप मात्र कुरिअरने पाठवू नका.