इलेक्ट्रिक गाडीत स्पोर्ट मोड टाकला की स्टिअरिंग जड का होतं? चाकांत काही बदलतं का?

चाकांत काही बदलत नाही. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगचं गुणोत्तरही तेच राहतं, म्हणजे तेवढ्याच वळणाला स्टिअरिंग तेवढंच फिरवावं लागतं. बदलते ती स्टिअरिंग फिरवायला हातभार लावणाऱ्या वेगळ्या छोट्या मोटरची मदत.

स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक टॉर्शन बार असतो. तुम्ही जोर लावला की तो किंचित पिळतो, सेन्सर तो पीळ मोजतो आणि त्या हिशोबाने मोटर हातभार लावते. स्पोर्टमध्ये सॉफ्टवेअर हा हातभार कमी करतं, एवढंच. पार्किंगमध्ये मदत तशीही भरपूर असल्याने फरक फारसा कळत नाही. हायवेवर ऐंशी-नव्वदला लगेच कळतो.

पण जड म्हणजे ‘रस्ता हाताला कळतो’ असं नाही. खडी, ओला रस्ता, टायरची पकड यांचा अंदाज मोड बदलून वाढत नाही, नुसता जोर जास्त लागतो. माझ्या मते गावात हलकंच बरं.

प्रत्येक गाडीत पिकअप आणि स्टिअरिंगचा जडपणा या दोन्ही गोष्टी एकाच मोडला जोडलेल्या नसतात. टेस्ला मॉडेल ३ मध्ये स्टिअरिंगची सेटिंग पिकअपपासून वेगळी आहे. तुमच्या गाडीत ‘कस्टम’ मोड असेल तर पिकअप स्पोर्ट आणि स्टिअरिंग नॉर्मल ठेवता येतं का बघा. आणि सगळ्याच मोडमध्ये जड वाटत असेल तर आधी टायरमधली हवा तपासा.