'सई' हे नाव: अर्थ, उगम आणि स्पेलिंगचा प्रश्न

ताई, तुम्हाला लेकीचं नाव सई ठेवायचंय. सासूबाई म्हणतात हे घरात हाक मारायचं नाव, त्याला स्वतःचा अर्थ नाही. नणंदेचं म्हणणं, इंग्रजीत लिहिलं की त्याचं साई होणार. शेजारच्या काकूंनी 'सईबाई लवकर गेल्या' असं सांगून मनात भीती घातली. आणि तुम्हाला स्वतःला वाटतंय की आता गोरेगावातल्या प्रत्येक सोसायटीत एक सई आहे. मी मुंबईतल्या मराठी शाळेत शिकवण्यात आयुष्य काढलं आणि मुलांच्या नावांचा नाद मला तिथेच लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मत सांगून टाकते: ठेवा. सुंदर नाव आहे आणि पूर्ण नाव आहे.

सई म्हणजे सखी, मैत्रीण. संस्कृत 'सखी'चं प्राकृतात 'सही' झालं आणि त्यातला ह गळून मराठीत 'सई' आली. दोन स्वरांमधल्या 'ख'चा 'ह' होणं ही प्राकृतातली नेहमीची चाल. 'लिख्' या संस्कृत धातूवरून आपलं 'लिहिणे' असंच आलं. आणि ह गळण्याचं म्हणाल, तर आपण बोलताना 'नाही'चं 'नाई' रोज करतो. म्हणजे 'सई' हे कुठल्या मोठ्या नावाचं लाडाने केलेलं तुकडं नाव नाही. मराठी भाषा ज्या वाटेने घडली, त्याच वाटेने हा शब्द घडलाय. सातवाहन राजा हाल याने संकलित केलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथा बघा. त्यांतल्या कितीतरी गाथांमध्ये नायिका मनातलं बोलते ती सखीशी, आणि तिला हाक मारते 'सहि' अशी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास गोदावरीकाठी ज्या शब्दाने बायका एकमेकींना हाक मारत होत्या, तोच तुमच्या मुलीचं नाव होणार आहे. मला तरी हे फार मोलाचं वाटतं.

इथे एक गफलत होऊ शकते. त्याच ग्रंथाचं प्राकृत नाव 'गाहा सत्तसई' असं आहे. त्यातली 'सई' मात्र सखी नव्हे, ती 'शती', म्हणजे शंभराचा समूह; सत्तसई म्हणजे सातशे. 'सती'चंही प्राकृतात 'सई' होतं, त्यामुळे कुणी नावाचा अर्थ 'पतिव्रता' असा सांगितला तर तो अगदी हवेतून आलेला नाही. पण मराठीने 'सती' हा शब्द आहे तसाच ठेवला आणि 'सई' हा मैत्रिणीसाठी वापरला. जात्यावरच्या ओव्यांत, भोंडल्याच्या आणि मंगळागौरीच्या गाण्यांत 'सया' येतात, 'सये' अशी हाक येते, ती मैत्रिणींनाच. त्यामुळे बारशाच्या पत्रिकेत अर्थ छापायचा असेल तर निःशंकपणे 'सखी' छापा. नावांच्या याद्यांमध्ये सईचा अर्थ 'परमेश्वर' किंवा 'स्वामी' असा दिलेला दिसला तर तो सोडून द्या. तो अर्थ 'साई'चा आहे, आणि तो शब्द 'स्वामी'वरून आलेला, वेगळ्याच कुळातला.

सासूबाईंना एक गोष्ट जरूर सांगा, त्यांना आवडेल. त्यांच्या आजीच्या पिढीत 'सखू' नावाची एक तरी बाई घरात किंवा चाळीत असायचीच. कऱ्हाडच्या संत सखूची कथा तर त्यांना पाठ असेल. सखू आणि सई ही एकाच शब्दाची दोन रूपं. सखू आता कुणी ठेवत नाही, सई ठेवतात, पण घराणं तेच. याचा सगळ्यात सुंदर दाखला खुद्द शिवाजी महाराजांच्या घरात आहे: महाराणी सईबाई आणि त्यांची मुलगी सखूबाई. आईचं नाव सखी, लेकीचं नावही सखी.

आता काकूंनी घातलेल्या भीतीबद्दल. सईबाई फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या कन्या. 1640 साली पुण्यात त्यांचं शिवाजीराजांशी लग्न झालं. तीन मुलींनंतर 14 मे 1657 रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला आणि 5 सप्टेंबर 1659 रोजी सईबाई राजगडावर गेल्या. तिशीही गाठली नव्हती. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी प्रतापगडाखाली अफजलखानाची भेट झाली. त्या धामधुमीत घरातलं हे दुःख महाराजांनी कसं पचवलं असेल, याचा विचार मी अनेकदा करते. पण ज्या काळात बाळंतपणाने आणि आजाराने तरण्या बायका घरोघरी जायच्या, त्या काळातलं एक मरण नावाच्या माथी मारणं बरोबर नाही. सईबाई स्वराज्याच्या पहिल्या महाराणी, दुसऱ्या छत्रपतींच्या आई. हे नाव ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या मनात ते ऐकताच आदर उभा राहतो. काकूंना तेवढंच सांगा, आणि हा विषय पुन्हा घरात येऊ देऊ नका. बाळंतिणीच्या कानावर असलं बोलणं पडायलाच नको.

नाव फार झालंय का? हो, पूर्वीपेक्षा बरंच जास्त आहे. मी शिकवायला लागले तेव्हा हजेरीत वैशाली, संगीता, सुवर्णा, मनीषा असायच्या. सई क्वचित. तरी नाव अगदी नवं नव्हतं. चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे यांचा जन्म 1938 चा, आणि त्यांच्यामुळे सुशिक्षित मराठी घरांत हे नाव माहीत होतं. पुढे सई ताम्हणकर घराघरांत पोचल्या आणि नावाला तरुण चेहरा मिळाला. त्याच सुमारास मुंबईत लहान नावांची आवड वाढली: ईरा, रेवा, ओवी, जुई, मीरा. इमारतीत शेजारी गुजराती, वर्गात बाई मल्याळी, ऑफिसात साहेब बंगाली, अशा शहरात दोन अक्षरांचं नाव सगळ्यांच्या जिभेवर बसतं. शिवाय सईला मराठीपण आहे. ईरा किंवा मीरा कुठल्याही प्रांतातली असू शकते, पण सई म्हटलं की मुलगी मराठी हे न सांगता कळतं. माझ्या मते या नावाचं सगळ्यात मोठं बळ तेच. वर्गात दुसरी सई निघाली तर मुलं आपसूक 'सई पी.' आणि 'सई के.' करतात, त्याचं त्यांना काही वाटत नाही. तेवढ्यासाठी आवडतं नाव सोडून कानाला अनोळखी काहीतरी शोधत बसू नका.

नणंदेचा मुद्दा मात्र खरा आहे. त्याकडे दुर्लक्ष करू नका.

एस-ए-आय असं स्पेलिंग केलंत तर महाराष्ट्राबाहेरचा माणूस ते 'साई' असंच वाचणार. आणि साई हे दक्षिणेत मुलगा-मुलगी दोघांच्याही नावात येतं: साई पल्लवी अभिनेत्री, साई सुदर्शन क्रिकेटपटू. माझ्या एका विद्यार्थिनीचं स्पेलिंग असंच होतं. बदली शिक्षक इंग्रजी यादी हातात घेऊन 'साई, साई' असं दोनदा पुकारायचे आणि ती शांतपणे वहीला रेघा मारत बसलेली असायची, कारण आपल्याला कुणी हाक मारतंय हे तिच्या गावीही नसायचं. मग शेजारची मुलगी कोपराने ढोसायची. शाळेत हे निभावतं. पुढे बँकेत, विमानतळावर, नोकरीच्या अर्जात 'मिस्टर साई' होऊन बसतं.

एस-ए-ई असं तीन अक्षरांतही काहीजण लिहितात, पण ते 'से' वाचलं जातं. एस-ए-आय-ई-ई असंही दिसतं. अभिनेत्री सई मांजरेकर तसं लिहितात. ते वाईट नाही, फक्त फोनवर सांगताना लांबतं. माझी पसंती एस-ए-डबल ई. शेवटी दोन ई आल्या की वाचणारा आपोआप दीर्घ ई म्हणतो, आणि त्यात 'साई' दिसत नाही. मराठीत लिहिताना दीर्घ ई, 'सई'. 'सइ' नको.

हे स्पेलिंग आत्ताच ठरवा, कारण पुढे बदलणं त्रासाचं आहे. रुग्णालयातल्या जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत व्हायची असते आणि ती रुग्णालय कळवतं. त्या वेळी नाव ठरलेलं नसेल तर नोंद नावाशिवाय होते. मग वर्षभरात महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन नाव विनाशुल्क घालून घेता येतं. त्यानंतरही 15 वर्षांपर्यंत घालता येतं, पण विलंब शुल्क भरून. एकदा नाव चढलं की नंतर 'आम्हाला दुसरं स्पेलिंग आवडलं' म्हणून बदलून मिळत नाही. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत. तेव्हा घाईने अर्ज भरू नका. एका कागदावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं इंग्रजीत लिहा आणि ज्याला मराठी येत नाही अशा दोघा-तिघांना मोठ्याने वाचायला द्या. सोसायटीतले शेजारी चालतील. दाखला हातात आला की मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं खिडकीवरच उभं राहून तपासा.

राहिली आत्याबाईंची हौस. तुम्ही लिहिलंय की नणंदेला 'शर्वाणी' हवंय. कानात कुर्र करायचा मान आत्याचा, तो तिला पूर्ण द्या. पाळण्यात एकच नाव ठेवावं असा नियम नाही. कुलदेवीचं, राशीच्या अक्षराचं, आत्याच्या आवडीचं, अशी तीन-चार नावं आपल्याकडे सर्रास ठेवतात. राशीवरून बघत असाल तर 'स' कुंभेत येतो; रास वेगळी निघाली तर ते जन्मनाव पत्रिकेत राहू दे. शर्वाणी पाळण्यात म्हणा, आत्याने तिला त्या नावाने हाक मारली तर मारू दे. वॉर्डातल्या अर्जावर फक्त सई लिहा.