‘वाजवी सवलत’ नव्हे, ‘रास्त सोय’

बडोद्याजवळील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या वाचक भगिनींनी दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी तयार केलेल्या समान संधी धोरणाचा मराठी मसुदा पाठवला आहे. त्यात ‘रीझनेबल ॲकॉमोडेशन’साठी, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला काम करता यावे म्हणून जागेत, साधनांत किंवा वेळेत करायच्या फेरबदलांसाठी, योजलेला ‘वाजवी सवलत’ हा प्रयोग बरोबर आहे का, आणि ‘सर्वसमावेशक कार्यस्थळ’ म्हणावे की नुसते ‘समावेशक’, असे त्यांनी विचारले आहे. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे : ‘समावेशक’ पुरेसे आहे.

‘वाजवी सवलत’ मात्र बरोबर नाही. बडोद्यात हा प्रयोग मी वारंवार ऐकतो, आणि दर वेळी तो खटकतो. तो कोठून येतो हेही उघड आहे. गुजराती मसुद्यात ‘वाजबी सवलत’ असते, दोन्ही शब्द मराठी कानाला ओळखीचे वाटतात, आणि तेवढ्यावर भाषांतर झाले असे समजले जाते. परंतु गुजरातीत सवलत म्हणजे सुविधा. पाण्याची सवलत, वाहन उभे करण्याची सवलत असे म्हटले तर तेथे पैसे कमी होण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. मराठीत सवलत म्हटली की तिकिटाचा दर आणि शाळेची फी डोळ्यांसमोर येते. ती कोणीतरी देतो, आणि देणाऱ्याच्या मनात आले की बंद करतो. ज्या बडोदे नगरीत १९३१ साली राज्यकारभारातील शब्दांचा ‘सयाजी शासनशब्दकल्पतरू’ हा आठ भाषांतील कोश सिद्ध झाला, तेथे तरी शेजारच्या दोन भाषांतील हा भेद नजरेतून सुटू नये.

या दोन शब्दांची मुळे पाहिली म्हणजे मन खरोखर प्रसन्न होते. ‘वाजवी’ आला अरबी ‘वाजिब’पासून, आणि वाजिब म्हणजे जे करणे भागच आहे, जे देणे लागते ते. ‘सवलत’ आली ‘सुहूलत’पासून, तिच्या मुळाशी ‘सहल’, म्हणजे सोपे, हा शब्द आहे. तेव्हा मुळाबरहुकूम ‘वाजवी सवलत’ याचा अर्थ होतो ‘देणे लागत असलेली सुलभता’. दिव्यांगजनांच्या हक्कांचा जो कायदा २०१६ साली संमत होऊन १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, त्याला नेमके हेच म्हणायचे आहे. विशिष्ट प्रसंगी अवाजवी भार न टाकणारे, आवश्यक आणि योग्य असे फेरबदल करणे, अशी त्यातील व्याख्या आहे. आणि असे फेरबदल नाकारणे हाही भेदभावच होय, असे तो कायदा स्पष्ट सांगतो.

दुर्दैवाने हे दोन्ही शब्द मराठीत एकाच उतारावरून घसरले. ‘वाजवी’ बाजारात गेला आणि ‘वाजवी दर’, ‘वाजवी नफा’ करता करता कर्तव्याचा अर्थ हरवून बेताचा, माफक असा उरला. ‘सवलत’ कशी घसरली याविषयी माझे एक मत आहे. महसुलाच्या भाषेत ‘सूट-सवलत’ ही जोडी एकत्र वावरत राहिली, आणि जोडशब्दात ज्याचा अर्थ ठसठशीत तो दुसऱ्यावर आपला रंग चढवतो, त्याप्रमाणे सुटीचा रंग सवलतीवर चढला. गुजरातीने या कामासाठी ‘छूटछाट’ हा शब्द वेगळा ठेवला, म्हणून तेथे सवलत आपल्या मूळ अर्थाला धरून राहिली. आगगाडीच्या सवलतीच्या तिकिटांनी हा बदल घडवला असे म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. तीच तिकिटे गुजरातेतही विकली जात होती.

‘वाजवी समायोजन’ सुचवणारे विद्वान तर याहून मोठी चूक करतात. ‘युज्’ म्हणजे जुंपणे. आणि समायोजन होते ते माणसाचे, जसे वर्तमानपत्रांत अतिरिक्त शिक्षकांचे होते. येथे बदलायचे आहे ते टेबल, दार, संगणकाचा पडदा, कामाची वेळ. माणसाला जुवाखाली आणणारा शब्द या कामाला कसा चालेल?

शब्दाने काय बिघडते, ते मी जवळून पाहिले आहे. मी पूर्वी जेथे नोकरीला होतो तेथे क्षीणदृष्टी असलेले एक सहकारी होते. त्यांनी खिडकीजवळची जागा, टेबलावर एक दिवा आणि संगणकावर मोठी अक्षरे दाखवणारी प्रणाली मागितली. आदेश निघाला : ‘विशेष बाब म्हणून सवलत देण्यात येत आहे.’ पुढे साहेब बदलले आणि दोन ओळींच्या पत्राने ‘सदर सवलत’ रद्द झाली. ते गृहस्थ पुन्हा आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कागद नाकाशी धरून, एकेक आकडा बोटाने दाबत वाचू लागले. सवलत मागे घेतली याबद्दल कोणाला काही बोलता आले नाही, कारण सवलत मागे घेताच येते.

आपल्याजवळ ‘सोय’ हा शब्द असताना हे घडावे, याचे मला फार वाईट वाटते. इंग्रजी शब्दाप्रमाणेच तो राहण्याच्या व्यवस्थेलाही चालतो आणि कामाच्या व्यवस्थेलाही. शिवाय त्याला ‘गैरसोय’ हा विरुद्ध शब्द आहे, आणि गैरसोयीची जबाबदारी नेहमी व्यवस्था करणाऱ्यावर येते. म्हणूनच पाणीपुरवठा बंद राहणार असला की ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असे छापले जाते. सवलत नसल्याबद्दल कोणीही दिलगिरी व्यक्त करत नाही. ‘वाजवी’च्या जागी ‘रास्त’ घ्यावा, कारण ‘रास्त मागणी’ या प्रयोगात न्यायाचा अर्थ अजून शाबूत आहे.

तेव्हा मसुद्यातील वाक्य असे करावे : ‘दिव्यांग कर्मचाऱ्यास आपले काम करता यावे यासाठी कारखाना रास्त सोय करून देईल.’ आणि त्याच परिच्छेदात पुढे ‘विशेष बाब म्हणून’ असे जे तीन शब्द आले आहेत, ते काढून टाकावेत.