स्कीपटू योहान म्यूलेगची कारकीर्द डोपिंगमुळे नेमकी कशी संपली? त्याने घेतलेलं औषध इतकं वाईट असतं का, आणि त्याशिवाय तो जिंकला नसता का?

सातारा जिल्ह्यातल्या एका डायलिसिस सेंटरमध्ये मी १४ वर्षं टेक्निशियन आहे. म्यूलेगच्या लघवीत जे औषध सापडलं, ते डार्बेपोएटिन, आमच्या फ्रीजमध्ये रोज असतं. म्हणून तुमच्या प्रश्नाच्या मधल्या भागाचं उत्तर आधी देतो: औषध वाईट नाही, फार मोलाचं आहे. ज्या गुणामुळे ते माझ्या पेशंटना सोयीचं पडतं, नेमक्या त्याच गुणामुळे म्यूलेग पकडला गेला. ते कसं, हे पुढे सांगतो. आधी हा माणूस कोण ते पाहू.

म्यूलेगचा जन्म १९७० चा, जर्मनीतल्या बव्हेरियामधल्या मार्क्टओबरडॉर्फचा. त्याचा खेळ क्रॉस-कंट्री स्कीइंग. टीव्हीवर डोंगरावरून सुसाट खाली येणारे स्कीपटू दिसतात, तो खेळ वेगळा. यात चढही स्वतःच्या ताकदीने चढायचा, तोही दहा, तीस, पन्नास किलोमीटर. पाय, पाठ, खांदे, दंड एकाच वेळी राबतात आणि सगळ्यांना ऑक्सिजन लागतो. तो पोहोचवतं रक्तातलं हिमोग्लोबिन. रक्तात लबाडी करण्याचा मोह या खेळात इतका का आहे, ते इथेच कळतं.

१९९२, १९९४ आणि १९९८ ही तीन हिवाळी ऑलिंपिक तो जर्मनीकडून खेळला, पण पदक नाही. मग संघाशी त्याचं पार फाटलं. प्रशिक्षकाने आपल्यावर करणी केलीय, असं तो उघड म्हणायचा. एका पोर्तुगीज बाईंवर त्याची श्रद्धा होती आणि त्यांनी दिलेलं पवित्र पाणी तो जवळ बाळगायचा. १९९९ मध्ये त्याने स्पेनचं नागरिकत्व घेतलं. लगेच १९९९-२००० च्या हंगामात वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपद, आणि २००१ मध्ये फिनलंडच्या लाहतीला ५० किलोमीटरचं जागतिक सुवर्ण. स्पेनमध्ये लोक त्याला लाडाने ‘हुआनितो’ म्हणू लागले. त्या देशाच्या खात्यावर तोवर हिवाळी ऑलिंपिकचं एकच सुवर्ण होतं, १९७२ मधलं.

फेब्रुवारी २००२, सॉल्ट लेक सिटी. क्रॉस-कंट्रीच्या शर्यती सोल्जर हॉलो इथे होत्या, सुमारे १,७०० मीटर उंचीवर. आपल्या महाबळेश्वरपेक्षा तीनेकशे मीटर जास्तच. तिथली हवा विरळ, म्हणजे रक्ताची परीक्षा आणखी कठीण. पहिली शर्यत ३० किलोमीटरची, सगळे एकदम सुटणार होते. अशा शर्यतीत शहाणे खेळाडू घोळक्यात राहून दम राखतात. म्यूलेग मात्र लवकरच पुढे निघाला आणि एकटाच पळत राहिला. दुसरा आलेला ऑस्ट्रियाचा क्रिस्टियान हॉफमान दोन मिनिटांहून जास्त मागे होता. मग पाठलागाच्या शर्यतीत, म्हणजे पहिल्या टप्प्यात जो जितका मागे राहिला तो दुसऱ्या टप्प्यात तितकाच उशिरा सुटतो त्या शर्यतीत, दुसरं सुवर्ण. स्पेनच्या राजाने फोन करून अभिनंदन केलं. २३ फेब्रुवारीला ५० किलोमीटरची शर्यतही त्यानेच जिंकली, रशियाच्या मिखाईल इवानोवला १५ सेकंदांपेक्षाही कमी फरकाने मागे टाकून. तीन सुवर्णं झाली. दुसऱ्या दिवशी ऑलिंपिकचा समारोप होता आणि त्याच दिवशी तो अपात्र ठरला. शर्यतीच्या दोन दिवस आधी, २१ तारखेला, घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात डार्बेपोएटिन निघालं होतं.

आता औषधाबद्दल. रक्तातल्या तांबड्या पेशी तयार करण्याचा हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक मुख्यतः किडनीत बनतं. किडनी गेली की हुकूम देणारं कुणी उरत नाही आणि माणूस पांढराफटक पडत जातो. डायलिसिसचं मशीन रक्त साफ करतं, नवं रक्त बनवून देत नाही. १९८९ मध्ये कारखान्यात बनवलेलं एरिथ्रोपोएटिन अमेरिकेत वापरात आलं, त्याआधी अशा पेशंटना रक्ताच्या बाटल्या चढवत राहण्यावाचून फारसा इलाज नव्हता. साधं एरिथ्रोपोएटिन सहसा आठवड्यातून दोन-तीनदा टोचावं लागतं. म्हणून संशोधकांनी त्याच्या रेणूला साखरेच्या आणखी दोन साखळ्या जोडल्या, तीनच्या पाच केल्या. त्यामुळे ते शरीरात तिप्पट वेळ टिकतं. हेच डार्बेपोएटिन. आठवड्याला एक, कुणाला पंधरा दिवसांनी एक पुरतं.

आमच्याकडे पाटण तालुक्यातून एसटीने एक मामा येतात. इंजेक्शन गावच्या मेडिकलमधून आणतात आणि ते गार राहायला हवं म्हणून चहाच्या छोट्या थर्मासमध्ये बर्फाचे तुकडे भरून, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतात. आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी थर्मास माझ्या हातात देतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मामांचं एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ६.४ होतं. जिन्याच्या चार पायऱ्या चढून भिंतीला टेकायचे. चार महिन्यांनी साडेनऊ झालं आणि एक दिवस म्हणाले, “परवा शेतात जाऊन बांधावर बसून आलो.” हे औषध बनलं ते याच्यासाठी. अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली सप्टेंबर २००१ मध्ये. पाच महिन्यांनी ते एका ऑलिंपिक विजेत्याच्या अंगात होतं. इतकं नवं औषध ओळखायची चाचणी नसेल असा काहींचा हिशोब असावा.

तो हिशोब चुकला. लघवीतलं एरिथ्रोपोएटिन ओळखायची पद्धत फ्रान्समधल्या प्रयोगशाळेने २००० मध्ये मांडली होती. विजेच्या क्षेत्रात हे रेणू आपापल्या आम्लतेप्रमाणे वेगवेगळ्या जागी जाऊन थांबतात आणि पट्ट्या दिसतात. शरीरातलं नैसर्गिक एरिथ्रोपोएटिन आणि साधं इंजेक्शनचं यांच्या पट्ट्या एकमेकांत मिसळतात, वाद घालायला जागा राहते. पण डार्बेपोएटिनला जोडलेल्या जादा साखळ्यांमुळे तो रेणू जास्त आम्लधर्मी झालेला असतो. त्याच्या पट्ट्या सगळ्यांपासून दूर, एका टोकाला जाऊन बसतात, आणि तिथे बसणारा रेणू कुठल्याही माणसाच्या शरीरात बनत नाही. सॉल्ट लेकच्या नमुन्यांचं काम उत्तेजक चाचण्यांचे तज्ज्ञ डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेकडे होतं आणि ते यासाठी तयार होते. शिवाय औषध जास्त दिवस टिकतं, म्हणजे जास्त दिवस सापडतंही. म्यूलेगने आपल्या खास आहाराचं कारण पुढे केलं. आहाराने हिमोग्लोबिन थोडं वर-खाली होईलही. पाच साखळ्यांचा रेणू जेवणातून येत नाही.

नुसतं हिमोग्लोबिन मोजून का भागत नाही, असंही कुणी विचारेल. त्या वेळी पुरुषांसाठी १७.५ आणि बायकांसाठी १६ अशी मर्यादा होती, त्याच्या वर गेलात तर त्या दिवशी स्पर्धेत उतरता यायचं नाही. पण मर्यादेच्या जरा खाली राहायला शिकणं सोपं असतं. आणि उलट बाजूही आहे. फिनलंडचा एरो मँतिरांता हा १९६० च्या दशकातला मोठा विजेता, सात ऑलिंपिक पदकांचा धनी. त्याचं हिमोग्लोबिन २० च्या वर असायचं. त्याच्यावर खूप संशय घेतला गेला. पुढे १९९० च्या दशकात संशोधकांना त्याच्या घराण्यातच एक जनुकीय बदल सापडला, ज्यामुळे त्यांचं शरीर एरिथ्रोपोएटिनला जादा प्रतिसाद देतं. म्हणजे एकट्या आकड्यावरून कुणाला चोर म्हणता येत नाही. म्यूलेगच्या बाबतीत पुरावा आकड्याचा नव्हता, रेणूचाच होता.

त्याच ऑलिंपिकमध्ये रशियाच्या लारिसा लाझुतिना आणि ओल्गा दानिलोवा याही डार्बेपोएटिनमध्येच सापडल्या. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याबद्दल लोक फारच कमी बोलतात, म्हणून कॅनडाच्या बेकी स्कॉटचं सांगतो. बायकांच्या पाठलागाच्या शर्यतीत ती तिसरी आली, दानिलोवा पहिली, लाझुतिना दुसरी. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही बाईला या खेळात मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. पुढे लाझुतिनाचा निकाल रद्द झाला तेव्हा स्कॉटचं कांस्य रौप्य झालं, मग दानिलोवाचाही रद्द झाला आणि रौप्याचं सुवर्ण झालं. ते सुवर्ण तिला मिळालं जून २००४ मध्ये, व्हँकुव्हरमधल्या एका समारंभात. शर्यत होऊन दोन वर्षं आणि चार महिने झाले होते, भर उन्हाळा होता, आजूबाजूला बर्फाचा कण नव्हता. तिने नंतर अनेक वर्षं जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेत खेळाडूंच्या बाजूने काम केलं.

म्यूलेगचं ५० किलोमीटरचं सुवर्ण इवानोवला मिळालं. आधीची दोन सुवर्णं सुरुवातीला त्याच्याकडेच राहू दिली होती, कारण त्या दिवसांच्या नमुन्यांत काही निघालं नव्हतं. मला तो निर्णय तेव्हाही पटला नसता. हे इंजेक्शन काही शर्यतीच्या सकाळी घेऊन उपयोगाचं नसतं. नव्या पेशी तयार होऊन एचबी हलायला दोन-तीन आठवडे लागतात, हे मी दर महिन्याच्या रिपोर्टमध्ये बघतो. शेवटी क्रीडा लवादाच्या निर्णयानंतर २००४ मध्ये तीही गेली. ३० किलोमीटरचं हॉफमानला, आणि पाठलागाचं नॉर्वेच्या थॉमस आल्सगार्ड आणि फ्रोडे एस्टिल या दोघांना, कारण ते एकाच वेळेत पोहोचले होते.

गेल्या वर्षी पोलिस भरतीची तयारी करणारा एक मुलगा सेंटरच्या दारात आला. आमच्या एका पेशंटच्या ओळखीचा. “दादा, ते डायलिसिसवाल्यांचं रक्ताचं इंजेक्शन एखादं मिळेल का? ग्राउंडला वीस दिवस राहिलेत.” १६०० मीटर पळायचं होतं त्याला. मी चिडलो नाही, कारण वीस वर्षांच्या पोराला या देशात एका नोकरीसाठी किती जणांच्या पुढे पळावं लागतं ते मला माहीत आहे. मी त्याला आत नेलं. त्या दिवशी एका पेशंटचा डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारा मशीनचा भाग, मध्येच जाम झाला होता आणि टाकून द्यायला बाजूला काढला होता. फूटभर लांबीची पारदर्शक नळी, आत केसासारखे हजारो बारीक धागे. रक्त नीट वाहिलं तर शेवटी धुतल्यावर ते पांढरे दिसतात. यात जाड काळपट पट्टे उठले होते, रक्त आतच गोठलं होतं. म्हटलं, तुझ्या मेंदूतल्या नळ्याही अशाच बारीक आहेत. तुझं एचबी आधीच पंधरा असेल, त्यात हे टोचलंस आणि वर उन्हात पळून घाम काढलास की रक्त काकवीसारखं होतं. आम्ही पेशंटचं एचबी साडेअकराच्या वर जाऊ लागलं की डॉक्टरांना सांगून डोस कमी करतो. २००९ मध्ये मधुमेही किडनी पेशंटवरच्या मोठ्या अभ्यासात, डार्बेपोएटिन देऊन एचबी तेरापर्यंत न्यायचा प्रयत्न केलेल्यांमध्ये लकव्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं होतं. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्या पोराने तो डायलायझर हातात घेऊन बराच वेळ पाहिला, मग खाली ठेवला आणि “येतो दादा” म्हणून गेला.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, औषधाशिवाय तो जिंकला नसता का. त्याच्यात दम होता यात शंका नाही. हाडाचा खेळाडू असल्याशिवाय कुणी तीस किलोमीटर चढउतारावर एकटं पुढे पळत नाही. त्या शर्यतीचं चित्रण मी दोन-तीनदा पाहिलं आहे. चढावर बाकीच्यांच्या माना खाली जातात आणि हा तसाच लांब ढांगा टाकत वर जातो. मी रोज बघतो हे इंजेक्शन थकलेल्या माणसाला काय देतं ते, त्यामुळे त्या चढावरचं त्याचं किती आणि औषधाचं किती, हे मला वेगळं काढता येत नाही. त्यालाही येत असेल असं वाटत नाही. त्याच्यावरची बंदी दोन वर्षांची होती. ती २००४ मध्ये संपली. तो परत शर्यतीत उतरला नाही.